‘राखीव जागा’ म्हणावं का? (हमास, २००६)

पैलतीर: पॅलेस्टाइनच्या २००६ च्या निवडणुकीवरचा लेख मराठीत आणतोय. ‘हमासच्या सहा स्त्रिया राखीव जागांवरून निवडून आल्या’ या वाक्यातल्या ‘राखीव जागां’वर मुद्रितशोधकांनी फुली मारली आहे. मग काय लिहावं?

गवतफुला: फुली योग्यच. आपल्याकडे राखीव जागा म्हटली की सोडत आठवते: अमुक प्रभाग महिलांचा, तिथे पुरुषाला अर्जच भरता येत नाही. तिकडे १३२ पैकी ६६ जागा मतदारसंघांच्या, ६६ पक्षयाद्यांच्या. अट फक्त यादीला: पहिल्या ३ नावांत किमान एक स्त्री, पुढच्या ४ त एक, नंतर दर ५ त एक. राखलेली होती ती उमेदवारी. मतदारसंघांतून एकही बाई आली नाही, निवडून आलेल्या सगळ्या १७ जणी याद्यांमधूनच आल्या.

चुनखडी: यातली मेख क्रमांकात आहे. हमासच्या यादीला २९ जागा मिळाल्या. गट पाडा: १–३, ४–७, ८–१२, १३–१७, १८–२२, २३–२७. सहा गट, सहा स्त्रिया. कायद्याने भाग पाडलं तेवढ्याच, एक जास्त नाही. २८–३२ या गटातली बाई तिसावी किंवा त्याखाली ठेवली की ती बाहेरच. छोट्या पक्षाला दोनच जागा मिळाल्या आणि बाई तिसरी असली, तर अट पाळूनही आमदारकी शून्य. ‘थर्ड वे’ या छोट्या पक्षाच्या दोन जागांत हनान अश्रावी आल्या, कारण त्या यादीत दुसऱ्या होत्या.

गवतफुला: म्हणून ‘यादीतला वाटा’ लिहा.

रानवारा: ‘वाटा’ कानाला शेतजमिनीचा लागतो. ‘कोटा’ रेशनपासून रेल्वेपर्यंत रुळलाय, तोच ठेवा. आणि ‘राखीव जागा’ अफगाणिस्तानसाठी राहू द्या. २००४ च्या राज्यघटनेनुसार वोलेसी जिरग्याच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, २४९ पैकी ६८ जागा स्त्रियांच्या होत्या. प्रांतातल्या स्त्रियांच्या जागा भरेपर्यंत जास्त मतांचा पुरुषही मागे राहायचा. २०२१ मध्ये तालिबानने ते सगळंच मोडलं. महिला मंत्रालयाच्या इमारतीत सदाचाराचं मंत्रालय बसवलं.

पैलतीर: मग ‘उमेदवारी कोटा’ चालेल? पुढे जमीला अल-शांती २०२१ मध्ये हमासच्या राजकीय ब्युरोवर, म्हणजे सर्वोच्च निर्णयमंडळावर, निवडून गेल्याचा उल्लेखही आहे.

चुनखडी: तिथे कोट्याचा संबंध नाही. ब्युरो पक्षांतर्गत गुप्त निवडणुकीतून येतो, शूरा परिषदेमार्फत. निवडून आलेली ती पहिलीच स्त्री. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायली हल्ल्यात मारली गेली.

सागरगोटा: ‘शूरा परिषद’ ही द्विरुक्ती. शूरा म्हणजेच मसलत. ‘मसलतमंडळ’ लिहा, अस्सल मराठी. दोन्ही शब्दांचं मूळही एकच आहे.

रानवारा: एक नाही. ‘मसलत’ अरबी मस्लहतवरून, म्हणजे हिताची गोष्ट. शूराचं भावंड ‘मशवरा’. शिवाय मराठी मसलतीला कटाचा वास आहे, त्याने वाचक आधीच निकाल देऊन बसेल.

सागरगोटा: वास असू दे की. सशस्त्र संघटनेचं मंडळ आहे ते, साहित्य संमेलनाचं नव्हे. वर्तमानपत्रं ‘म्होरक्या’ लिहितातच ना?

गवतफुला: पुरुषाला लिहितात. त्याच ब्युरोवरच्या बाईला मात्र ‘महिला नेत्या’. म्होर म्हणजे पुढे, पुढे चालणारा तो म्होरक्या, मग मेंढरांच्या कळपातली असो की ब्युरोवरची, ती ‘म्होरकी’. एकाला टोळीचा शब्द आणि दुसरीला सभेचा, हे मला पटत नाही. दोघांनाही ‘ब्युरो सदस्य’ म्हणा.

सागरगोटा: ‘नेत्या’ हेही अनेकवचनाचं रूप. शुद्ध शब्द ‘नेत्री’.

रानवारा: ‘नेत्री’ बोलताना कोणी म्हणत नाही. ‘अभिनेत्री’ चालतं, ‘नेत्री’ चालत नाही, वापर असाच असतो.

पैलतीर: ‘उमेदवारी कोटा’बद्दल कोणी सांगेल का? उद्या पान जायचंय.

चुनखडी: त्याआधी शूराचं लिंग ठरवा. ‘शूराने ठराव केला’ असं लिहिलं तर एखाद्या शूर माणसाने केला असं वाचलं जाईल. मी ‘शूरेने’ लिहीन.

सागरगोटा: ‘शूरेने’? तत्सम नसलेल्या शब्दाला हा विकार कुठून आला?