शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत अर्थशास्त्र घ्यावं का?

पायवाट:
मी कॉलेजात पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. पुढे हाच विषय करायचा असेल, तर अकरावी-बारावीला तो घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. गणित घ्या, इतिहास घ्या. अर्थशास्त्र आम्ही मुळापासून शिकवतो; गणित कच्चं राहिलं तर ते आमच्याकडे भरून निघत नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. मुलं मागणी-पुरवठ्याच्या आकृतीलाच जग समजून येतात. किमान वेतन बाजारभावापेक्षा वर नेलं की बेकारी होणार, हे सगळ्यांना पाठ असतं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीनं किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची फास्टफूडची दुकानं ताडून पाहिली, तर न्यू जर्सीत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. १९९४ च्या त्या निबंधावर कडाक्याचे वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण वर्गात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?’ ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ हे शब्द तोंडपाठ असतात, त्यांचा अर्थ कुणी विचारलेलाच नसतो.

दोन_अधिक_दोन:
अजिबात पटलं नाही. तुम्ही तुमच्या वर्गात पोचलेल्यांचा विचार करताय. जी मुलं पुढे हा विषय कधीच घेणार नाहीत, त्यांचं काय? ती कर्ज काढतील, मत देतील. महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला की ‘मग वस्तू स्वस्त का झाल्या नाहीत?’ असं शिकलेली माणसंही रागानं विचारतात. १०० ची वस्तू १०८ ची झाली, पुढच्या वर्षी ११२.३२ ची. चढ मंदावला, पण उतार लागलेला नाही. एवढं समजायला कॉलेज कशाला हवं? आणि शाळेत नाही समजलं, तर पुढे कोण समजावणार?

खिडकीजवळचा_बाक:
माझा अनुभव उलटा आहे. सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग काढायला येणारा जादा खर्च, आधी कळला आणि मग डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एक गोष्ट जराशी बदलली की दुसरी किती दरानं बदलते ते, डोक्यात शिरलं. गणिताच्या तासाला ते नुसतं सूत्र होतं.

पायवाट:
महागाईचा मुद्दा मान्य. पण प्रश्नपत्रिकेत तो हिशेब येतो का? तिथे ‘चलनवाढीची व्याख्या लिहा’ येतं.

खडू_फळा:
पाठांतर हा विषयाचा दोष कसा? तुम्ही इतिहास घ्या म्हणता, तोही सनावळ्या घोकून पास होता येतोच.

मी शाळेत शिकवतो. गणितवाली एक मुलगी म्हणाली, ‘सर, किंमत बदलली म्हणून मागणी बदलते, मग किंमत उभ्या अक्षावर का? गणितात ज्यामुळे बदल होतो ते आडव्या अक्षावर घेतो, मग ती आडव्या अक्षावर हवी ना?’ बरोबरच होतं तिचं. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञानं १८९० च्या ग्रंथात तशी मांडणी केली आणि तीच रूढ झाली. तो अख्खा तास त्यातच गेला. आकृती कुणीतरी काही गृहीत धरून काढलेली असते, हे वर्गाला त्या दिवशी उमगलं. तुम्हाला जे कॉलेजच्या पहिल्या वर्षी हवंय, ते वयाच्या सतराव्या वर्षी शाळेतही होतं.

पायवाट:
असे तास सगळीकडे झाले असते तर मी हे लिहिलंच नसतं. इतिहासाबद्दलचं बोलणं मागे घेते. गणिताबद्दलचं नाही. गणित सोडून अर्थशास्त्र घेणारी मुलं पुढे फार सोसतात, हे मी दरवर्षी पाहते.

खडू_फळा:
ते खरं आहे. पण माझ्याकडे निम्मी मुलं गणिताच्या धास्तीनंच येतात. त्यांना दारातूनच परत पाठवणं माझ्याच्यानं होणार नाही.