जुनी इलेक्ट्रिक कार: पावसात इन्सुलेशनचा इशारा, कधी रेडीच होत नाही

मानेवाडा_ईव्ही: गाडी 7 वर्षं जुनी. पाऊस आला की इन्सुलेशन फॉल्ट येतो (मोठ्या बॅटरीची वीज बॉडीकडे गळतेय, असा इशारा). सकाळी कधी रेडीच (चालायला तयार) होत नाही, मोठी बॅटरी 60 टक्के असूनही. चालवू का?

वायरमन_धरमपेठ: भाऊ, हे दोन वेगळे आजार आहेत. आधी 12 व्होल्टची बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास हवी. फार उतरली तर काँटॅक्टर, म्हणजे मोठी बॅटरी गाडीला जोडणारे स्विच, जुळतच नाहीत. रेडी झाल्यावर 13 ते 14.5 दिसलं नाही, तर डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीतून छोटी चार्ज करणारा) किंवा त्याचा फ्यूज गेलाय. आपल्या मे महिन्याच्या उन्हात ही छोटी बॅटरी लवकर जाते.

नारिंगी_केबल: इन्सुलेशन हलक्यात घेऊ नका. मोठ्या बॅटरीच्या डीसी सर्किटला इन्सुलेशनचा रोध किमान 100 ओहम प्रति व्होल्ट लागतो, म्हणजे 350 व्होल्टला 35 किलोओहम. चार्जिंग सॉकेटमध्ये ओल आहे का? कूलंट कमी होतंय का? होत असेल तर गाडी चालवू नका, टो करून न्या. नारिंगी वायरला (ती हाय व्होल्टेजची) घरी हात नको. मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला वेळ लागतो.

मानेवाडा_ईव्ही: कूलंट ठीक. पावसात काच पुसायला एसी लावतो, तेव्हाच येतो.

नारिंगी_केबल: मग पाऊस नाही, एसीचा कॉम्प्रेसर! गॅस भरताना साधं पीएजी ऑइल तर नाही ना टाकलं? अशा विजेवरच्या बहुतेक कॉम्प्रेसरना पीओई ऑइल लागतं, ते वीज गळू देत नाही. तपासेपर्यंत एसी बंद.