तेंदूपानाची मजुरी आणि गडचिरोलीतील बंदुका
पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये हिऱ्यांच्या पैशावर यादवी युद्ध चालले; त्याचा दाखला देऊन, संपत्तीचा बेकायदा व्यापार रोखला की बंदुका आपोआप थंडावतात, असे म्हटले जाते. हिऱ्यांपुरते ते बऱ्याच अंशी पटते. परंतु आपल्या नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटरवरच्या गडचिरोलीत गोष्ट वेगळी आहे. १९८० च्या दशकात नक्षलवाद्यांनी तिथे पाय रोवले ते विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानाच्या मजुरीच्या प्रश्नावर. ऐन उन्हाळ्यात पाने तोडून, ७० पानांचे एकेक पुडके बांधून ते फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, नेणाऱ्या बाईच्या हातावर कंत्राटदार अगदीच तुटपुंजी रक्कम टेकवीत असे, आणि ती नक्षलवाद्यांनी वाढवून घेतली. पुढे त्याच कंत्राटदारांकडून खंडणी वसूल होऊ लागली, म्हणजे कायदेशीर व्यापारच शस्त्रांना पैसा पुरवू लागला.

त्यामुळे जंगलावर हक्क कोणाचा, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले आणि गाव स्वतःच बांबू विकू लागले. याच जिल्ह्यातील सूरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीबाबत मात्र ग्रामसभांना विचारलेच गेले नाही, अशी तिथल्या अनेक गावांची तक्रार आहे. शांततेची चर्चा करताना ती आधी ऐकली गेली पाहिजे.