फेटलिंगमधल्या पोरांच्या कंबरा: पट्टे घ्यायचे की आधी दुसरं काही करायचं?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंग शॉपचा, म्हणजे ओतून आलेला माल घासून साफ करायच्या विभागाचा, सुपरवायझर आहे. पंपाची आणि ट्रॅक्टरची कास्टिंग असतात. सगळ्यात जास्त चालणारा जॉब, म्हणजे नग, १२ किलोचा. शॉट ब्लास्ट (बारीक लोखंडी गोळ्यांच्या माऱ्यानं सफाई) झाला की माल लोखंडी बिनमध्ये भरतो आणि फोर्कलिफ्टवाला ती बिन ग्राइंडिंग टेबलाच्या उजव्या हाताला फरशीवर ठेवून जातो. पोरगा बिनमध्ये वाकतो, जॉब काढतो, कमरेतून वळून टेबलावर ठेवतो, सात इंची ग्राइंडरनं फिन (कडेला राहिलेलं जादा लोखंड) घासतो आणि डावीकडच्या बिनमध्ये सोडतो. मिनिटाला दोन उचली पडतात, अख्खी शिफ्ट.

मागच्या महिन्यात माझ्याकडचा सगळ्यात तगडा पोरगा बसला. तालमीतला गडी, अंगात रग आहे. शिफ्ट संपत आली असताना बिनच्या तळातला जॉब काढायला वाकला आणि कमरेत अशी चमक भरली की बूट काढायला दुसऱ्यानं मदत केली. बाकीच्यांचंही बरं नाही. कुणाचं मनगट धरतं, कुणाच्या हाताला रात्री मुंग्या येतात. बरेच जण गोळी खाऊन कामावर येतात. खाडा पडला की पीस रेटचे (नगामागे मिळणारे) पैसे जातात, म्हणून अंगावर काढतात. मला ते बघवत नाही.

ऑफिसचं म्हणणं, सगळ्यांना कंबरपट्टे देऊ आणि 'वजन उचलताना गुडघ्यात वाका' असे बोर्ड लावू. मला मालकांसमोर प्रस्ताव मांडायचाय. क्रेन किंवा रोबो मागितला तर हसतील. थोडक्या पैशात सगळ्यात आधी काय करावं? अनुभवी लोकांनी सांगावं.

वेल्डर_गोकुळशिरगाव

आमच्यात पट्टे वाटले होते. मे महिन्यात भट्टीच्या बाजूला कोण घालतंय? घामोळं उठलं आणि सगळे पट्टे लॉकरमध्ये गेले. बोर्ड मात्र अजून आहे.

जुना सेफ्टी ऑफिसर

शिरोलीकर, पट्ट्याचे पैसे थांबवा. ते पैसे अँगल आणि वेल्डिंग रॉडला लागतील. मी भोसरीला आधी प्रेस शॉप आणि मग फोर्जिंगमध्ये सेफ्टी बघितली, आता निवृत्त आहे. तुमच्यासारखंच चित्र मी किती कारखान्यांत बघितलं. माणसाला पट्टा घालतात आणि बिन फरशीवरच राहते.

अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेनं १९९४ मध्ये पट्ट्यांवरचे तोवरचे अभ्यास तपासले. धडधाकट कामगाराची दुखापत पट्ट्यानं टळते याला पुरावा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पट्टा बांधला की माणसाला आपण जास्त उचलू शकतो असं वाटायला लागतं, हा धोका वेगळाच. आणि तो गुडघ्यात वाकायचा बोर्ड! तुमची बिन डोळ्यासमोर आणा. भिंत मांडीपर्यंत येते. गुडघे वाकवले तर ते भिंतीवर आपटतात. तळातला जॉब काढायला त्या पोराला कमरेतूनच वाकावं लागतं, दुसरा मार्गच तुम्ही ठेवलेला नाही. तालमीतला असो नाहीतर आणखी कुठला, शरीराचं निम्म्याहून जास्त वजन कमरेच्या वर असतं. प्रत्येक वाकण्यात पाठ आधी ते सगळं पेलते आणि मग वर तुमचे १२ किलो.

मालकांना भाषण देऊ नका, आकडे द्या. नायॉशचंच वजन उचलण्याचं एक सूत्र आहे, १९९१ मध्ये सुधारलेलं. त्यात सुरुवात २३ किलोपासून होते. सगळं आदर्श असेल तर बहुतेक निरोगी माणसांना तेवढं चालतं. मग परिस्थिती जितकी वाईट तितका तो आकडा घटत जातो. तुमचा जॉब त्यात घालून बघितला. मापं माझ्या अंदाजाची आहेत, तुम्ही टेप घेऊन दुरुस्त करा.

बिनच्या भिंतीमुळं जॉब शरीरापासून लांब राहतो. दोन्ही घोट्यांच्या मध्यापासून हातापर्यंत ५० सेंमी धरले. आदर्श अंतर २५, म्हणजे आकडा सरळ निम्म्यावर, ११.५ किलो. हात जमिनीपासून १५ सेंमीवर, आदर्श ७५. तिथं ०.८२ नं गुणायचं, उरले ९.४. तिथून टेबलापर्यंत ७५ सेंमी वर उचलायचं, त्याचे ०.८८, उरले ८.३. बिन बाजूला असल्यानं कमरेतून ९० अंश वळायचं, त्याचे ०.७१, उरले ५.९. मिनिटाला दोन उचली आणि आठ तासांची शिफ्ट, त्याचे ०.६५. हातात राहिले ३.८ किलो.

तुमचा पोरगा १२ उचलतोय. मर्यादेच्या तिप्पट. त्याची कंबर कमजोर नव्हती.

आता तोच जॉब, तोच वेग, तोच पोरगा. बिन स्टँडवर घेतली आणि हात ७५ सेंमीवर आले. बिनची पुढची बाजू बिजागरीवर खाली पडणारी केली, म्हणजे जॉब ३० सेंमीवर आला. टेबल जवळपास त्याच उंचीला, म्हणून वर उचलणं जवळजवळ नाही. कमरेतून वळणंही नाही. तेवीस गुणिले ०.८३ (अंतराचे) गुणिले ०.६५ (वेगाचे), उत्तर १२.४ किलो. जॉब मर्यादेत बसला. एक किलो वजन कमी केलं नाही, वेग घटवला नाही, क्रेन आणली नाही. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हे दोनच आकडे लिहा: ३.८ आणि १२.४.

वळण कसं काढायचं ते सांगतो, कारण इथं लोक उलटं करतात. वेळ वाचावा म्हणून बिन टेबलाला अगदी चिकटवून ठेवतात. माणूस मग पाय न हलवता कमरेतून पिळतो. बिन एक पूर्ण पाऊल लांब ठेवा. पाऊल टाकावं लागलं की अंग आपोआप पायांसकट वळतं. हे फुकट आहे, उद्या सकाळी करता येईल.

टेबलाच्या उंचीबद्दल. जोर लावायच्या कामाला हात कोपराच्या खाली २० ते ४० सेंमी हवेत, हलक्या जुळणीला ५ ते १०, आणि बारीक नजरेचं काम असेल तर कोपराच्या जरा वर. पण फेटलिंगमध्ये टेबल मोजून उपयोग नाही. चाक जॉबला जिथं लागतं ती जागा मोजा. जॉबच २० सेंमी उंच असेल तर ८५ च्या टेबलावर काम १०५ ला चालतं, म्हणजे मध्यम उंचीच्या पोराच्या कोपराच्याही वर, आणि मग तो खांदे उचलून ग्राइंडर धरतो. जॉब फिरवायला टेबलावर जुन्या बेअरिंगची फिरती थाळी बसवा. आत्ता प्रत्येक बाजू घासायला तो १२ किलो हातानं पलटतोय, त्या उचली तर आपण मोजल्यासुद्धा नाहीत.

ग्राइंडर वरून स्प्रिंग बॅलन्सरला टांगा, म्हणजे त्याचं वजन स्प्रिंग पेलते. बेअरिंग गेलेला ग्राइंडर आणि वाकडी बसलेली डिस्क तशीच चालवू देऊ नका. कंपन वाढतं, पोरगा मूठ आणखी आवळतो, आणि मूठ आवळली की कंपन हातात जास्त शिरतं. युरोपात २००२ पासून निर्देश आहे. हाताला बसणारं कंपन आठ तासांच्या सरासरीनं २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या पुढं गेलं की मालकानं उपाय सुरू करायचे, ५ च्या पुढं काम करून घ्यायचंच नाही.

जॉब रोटेशन, म्हणजे आळीपाळीनं कामं बदलणं, करणार असाल तर ग्राइंडरवरून ग्राइंडरवर पाठवू नका, त्यानं काही होत नाही. तासाभरानं तपासणी किंवा रंग असं काम द्या, जिथं मनगट मोकळं राहतं. आणि पीस रेटबद्दल मालकांशी बोलाच. विश्रांती घेतली की पैसे कापले जात असतील तर कुणीही विश्रांती घेणार नाही, माझा अनुभव तरी हाच आहे. सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथं या विषयातली माणसं आहेत, पत्र लिहून विचारा.

लाइनवरची

दादा, मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या (वायरींचे जुडगे बांधायच्या) लाइनवर असते. आमच्याकडं १२ किलोचं काही नाही, तरी खांदे भरून येतात, कारण ज्या बोर्डवर वायरी लावतो तो पुरुषाच्या उंचीनं लावलेला. माझी उंची ४ फूट ११ इंच. वरच्या क्लिपला पोचायला दिवसभर हात खांद्याच्या वर. तक्रार केल्यावर पायाखाली पाट दिला, पण एवढा अरुंद की मागं पाऊल टाकलं की पडायला होतं. मग आम्ही चौघींनी मिळून सांगितलं, तेव्हा सगळ्या स्टेशनला सलग लाकडी फळ्यांचा ओटा केला आणि बोर्ड खालीवर सरकणारा केला. तुमच्याकडं ठिणग्या उडतात, रबरी मॅट जळेल, म्हणून लाकडाचाच करा. आणि रुंद करा.

अजून एक. उभ्यानं काम करणाऱ्याला मधे संधी मिळाली की बसता यावं म्हणून सोय करायची, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४४ मध्ये लिहिलेलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. जुन्या कायद्यात जड वजनाबद्दल त्याच्याआधी कलम ३४ होतं. आमच्यात स्टूल मागितलं तर 'बसायला आलात का' असं ऐकवायचे. कलमाचा नंबर सांगितल्यावर स्टुलं आली. तुम्ही सुपरवायझर असून पोरांसाठी विचारताय हे वाचून बरं वाटलं. टेबल बनवायच्या आधी सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच पोराला तिथं उभं करून बघा.

फिजिओ_मिरज

रात्री मुंग्या येतात म्हणालात, म्हणून लिहिते. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होत असतील आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता मोठी. करंगळीकडची बोटं असतील तर कोपराकडं बघावं लागतं. प्रत्येकाला कुठली बोटं ते विचारा आणि वहीत लिहा. लवकर आले तर काम बदलून आणि रात्री मनगटाला स्प्लिंट (मनगट सरळ ठेवणारा आधार) लावून बऱ्याच जणांना आराम पडतो. अंगठ्याच्या बुडाचं मांस झडायला लागल्यावर येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

कंपनानं बोटं पांढरी पडतात हे अॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेत इंडियानातल्या दगड घडवणाऱ्या कामगारांत नोंदवलं होतं. पण ते थंडीत दिसतं. आपल्या हवेत पांढरेपणाची वाट बघू नका, बधिरपणा आणि हातातून वस्तू निसटणं हीच खूण धरा.

कमरेच्या दुखण्यात पाय लुळा वाटला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर एक तासही थांबू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या. बाकी साध्या चमकेला पूर्ण अंथरूण धरायची गरज नसते, हिंडतंफिरतं राहिलेलं चांगलं. तुमच्या तालमीतल्या मुलाला परत घेताना पहिल्याच दिवशी त्याच बिनवर उभं करू नका. ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) कार्ड असेल तर रजेच्या काळात आजारपणाचा भत्ता मिळतो, पगाराच्या ७० टक्के. बऱ्याच मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

शिरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. टेप घेऊन मापं घेतली. हात ५० नाही, ५५ सेंमीवर जातात, म्हणजे साहेबांनी काढलं त्याहून वाईट. बिन लगेच एक पाऊल लांब सरकवली. पहिल्या दिवशी पोरं कुरकुरली, नंतर कुणी काही बोललं नाही. ओळीतल्या एका टेबलासाठी मेंटेनन्सवाल्यांनी स्क्रॅपच्या अँगलचा ४५ सेंमीचा स्टँड करून दिलाय. बिनचा तळ आता ६० वर आहे. मालक स्वतः येऊन उभे राहिले, दोन-चार जॉब आधी जमिनीवरच्या बिनमधून काढले, मग स्टँडवरच्या. काही न बोलता बाकी टेबलांचा खर्च काढायला सांगितला. कार्डाचं विचारलं तर ठेकेदाराच्या पोरांपैकी निम्म्यांना आपला नंबरच माहीत नव्हता, ते काम आता मी अंगावर घेतलंय.

एक अडचण. पुढची बाजू खाली पडणारी केली तर फोर्कलिफ्टवर नेताना ती उघडून माल सांडेल का?

जुना सेफ्टी ऑफिसर

सांडेल, नुसत्या कडीवर भरवसा ठेवलात तर. दोन्ही बाजूंना खाली पडणाऱ्या जाड पिना घाला, साखळीनं बांधलेल्या, म्हणजे हरवणार नाहीत. पिना काढायच्या त्या बिन स्टँडवर बसल्यानंतरच. आणि बिनमध्ये ५० जॉब मावत असतील तर ६०० किलो मालाचे झाले, वर बिनचं वजन. स्टँड फरशीला अँकर बोल्टनं धरा, चारही पायांना तिरपे आधार द्या, आणि फोर्कलिफ्टचा धक्का बसला तरी बिन घसरू नये म्हणून वरच्या कडेला अँगलची उभी पट्टी ठेवा. जमिनीवर चालणारी जुनी बिन आणि स्टँडवरची बिन एकाच रंगाची ठेवू नका. रात्रपाळीचा फोर्कलिफ्टवाला पिना नसलेली बिन उचलून वर ठेवेल.