मदत हवी आहे: आईच्या तोलासाठी व्हीआर (डोळ्यांवर बांधून आभासी दृश्यं दाखवणाऱ्या) हेडसेटचा कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची. जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं घ्यावी लागली आणि त्यामुळे दोन्ही अंतर्कर्णांतली तोल सांभाळणारी यंत्रणा जवळजवळ निकामी झाली. ऐकू नीट येतं, गरगरतही नाही. पण चालताना दुकानांच्या पाट्या हलताना दिसतात आणि अंधारात भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकवत नाही.

भिंतीवर चिकटवलेल्या अक्षरावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे हलवायची, हा व्यायाम ती नेटाने करते. घरात बराच फरक पडलाय. मंडईत मात्र गर्दी दिसली की माझा दंड घट्ट धरते. म्हणून फिजिओथेरपिस्टनी व्हीआर सुचवलंय: हेडसेटमध्ये माणसांची वर्दळ, सरकती दृश्यं, आधी बसून, मग उभं राहून. गेलेली यंत्रणा परत येणार नाही हे कळतं. मेंदूने डोळ्यांवर आणि तळपायांवर जास्त विसंबायला शिकावं, एवढीच आशा आहे.

दोन्ही बाजूंचा त्रास असलेल्या कुणी हे केलंय का? मळमळ कितपत होते, किती वेळ टिकते? चष्म्यावर हेडसेट नीट बसतो का? घरी करताना पडू नये म्हणून काय सोय केलीत? एकाच कानाचा त्रास असेल तर तसं आवर्जून लिहा, कारण तिथे दुसरा कान मदतीला असतो.