ग्राहक मंचात गेलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

मनवा
काल माळा आवरताना फ्रिजची जुनी फाईल हाती लागली. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला फ्रिज, पहिल्याच उन्हाळ्यात थंड होईना. मेकॅनिक यायचा, गॅस भरून जायचा, आठवडाभरात दूध परत नासायचं. दुकानदार म्हणे कंपनीशी बोला, कंपनी म्हणे दुकानदाराशी बोला. बाबा दर वेळी मेकॅनिकला चहा द्यायचे आणि पेन पुढे करायचे. जॉबशीटवर "कूलिंग नाही" असं त्याच्याच अक्षरात लिहून, खाली सही, तारीख. मंचात कंपनीचे वकील म्हणाले, यांच्या घरी व्होल्टेज कमी-जास्त होत असणार. अध्यक्षांनी जॉबशीट एकेक करून उलटले आणि विचारलं, तुमच्याच माणसाने यात व्होल्टेजबद्दल कुठे काय लिहिलंय? किंमत व्याजासकट परत मिळाली, वर मानसिक त्रास आणि तक्रारखर्च. बाबा वकील न देता स्वतः उभे राहिले होते. आज ते नाहीत, पण फाईल टाकवत नाही. लिहा रे सगळे. हरलेलंही लिहा, सोडून दिलेलंही लिहा.

साताऱ्याची_सून
काकांना नमस्कार __/\__ माझी पैठणीची कथा आहे. कणीक मळतेय, हात धुऊन येते.

ठाणेकर_नितीन
ऑनलाइन मागवलेला मोबाईल, खोक्यात दुसराच निघाला. खोकं उघडतानाचा व्हिडिओ होता तरी "तुमची विनंती बंद करण्यात आली आहे" हेच उत्तर. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्या बाई अतिशय शांतपणे ऐकून घेतात. तक्रार क्रमांक मिळाला आणि काही दिवसांत पैसे खात्यात. आधी तिथेच जा.

अ‍ॅड_मंजिरी
नितीन, छान झालं. पण हेल्पलाइन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, समेटाचा प्रयत्न करते. हुकूम देतो तो आयोग. आणि हो, आता "मंच" नाही, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 1986 चा कायदा जाऊन 2019 चा आला, 20 जुलै 2020 पासून लागू. लोकांना त्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्टच ठाऊक नसते: कंपनी दिल्लीची असो नाहीतर बंगळुरूची, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, पुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. कारण घडल्यापासून 2 वर्षांत दाखल करा. "कंपनीशी मेलवर बोलणं चालू आहे" म्हणून मुदत वाढत नाही. माझ्याकडे अशी माणसं मुदत उलटल्यावर येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

शिवणकाम_इचलकरंजी
बायकोसाठी मोटारवरचं शिलाई मशीन घेतलं, टाकाच बसेना. कंपनीने लेखी म्हणणं दिलं की हे धंद्यासाठी घेतलंय म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. बायकोने शपथपत्रात लिहिलं, कामगार ठेवलेला नाही, मी स्वतः शिवते, घर यावर चालतं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू चालते, कायद्यात तसं आहेच. मशीन बदलून मिळालं. सध्या गणवेशाचा सीझन आहे, नंतर सविस्तर लिहितो.

मुग्धा_के
वहिनींना शाब्बास सांगा. परकर-पोलकं शिवतात का त्या? लेकीला हवंय.

शिवणकाम_इचलकरंजी
शिवते की ताई. माप पाठवा.

दादरची_आजी
मंच, आयोग नंतरचे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली ती 1974 ला, आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत. आमच्या चाळीतल्या बायकांचा संघ होता. महिन्याचं सामान एकत्र यायचं, एकीच्या घरी वाटप. डाळीत खडा दिसला की तिथल्या तिथे वहीत नोंद, आणि ती वर पोचायची. विचारायची सवय तिथे लागली आम्हाला. गूळ काय सुंदर यायचा!

मुग्धा_के
आजी, आमच्याकडेही यायचं सामान! पिशव्यांवर नावं घालायचं काम मुलांचं.

हताश_नाशिक
माझं सोडून दिलेल्यातलं. सासूबाईंचा मेडिक्लेम "आजार लपवला" म्हणून नाकारला. त्यांना बीपीची गोळी होती, मोडलं होतं मांडीचं हाड! त्याचा याच्याशी काय संबंध? तक्रार केली, पण तारखांवर तारखा, त्यात त्या गेल्या. 3 महिन्यांत निकाल, वस्तू तपासायची असेल तर 5, असं कायद्यात आहे म्हणे. ते वाचून संताप येतो. माणसं कमी, पदं रिकामी, आणि तिष्ठत बसतो तो म्हातारा माणूस.

मनवा
फार वाईट वाटलं. काळजी घ्या.

अ‍ॅड_मंजिरी
तुमचा संताप रास्त आहे. सामनेवाल्याला उत्तरासाठी 30 आणि वर 15 दिवस, त्यापुढे एकही दिवस नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितलं. उरलेला उशीर मात्र तसाच आहे. बाकीच्यांसाठी: विम्याला विमा लोकपाल हाही रस्ता आहे, फी नाही, नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. तीच तक्रार आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत, आधी ठरवून जा.

पनवेल_फ्लॅटवाला
निकाल लागला म्हणजे पैसे मिळाले असं नाही, हे कोणीतरी लिहायला हवं. बिल्डरविरुद्ध निकाल आमच्या बाजूने, बिल्डर ढिम्म. मग दरखास्त, म्हणजे निकाल अमलात आणा असा अर्ज. आदेश न पाळल्यास 1 महिना ते 3 वर्षं कैद आहे, 25 हजारांपासून 1 लाखापर्यंत दंडही. वॉरंट निघाल्याबरोबर डिमांड ड्राफ्ट घेऊन त्याचा माणूस दारात. अपिलात जायचं तर आता निम्मी रक्कम भरावी लागते. जुन्या कायद्यात निम्मी किंवा 25 हजार, जी कमी असेल ती. बडे बिल्डर हसत भरायचे. हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो.

साताऱ्याची_सून
आले. पैठणीचा रंग पहिल्याच ड्रायक्लीनला पदरावर उतरला. बिलावर छापलेलं, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही". दुकानदार त्यावर बोट ठेवून बसला. जाऊबाईंनी शांतपणे सांगितलं, सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत, परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. त्याने आत जाऊन मोठ्या मालकांना आणलं आणि दुसरी साडी दिली. मोरपंखी मिळाली, पहिलीपेक्षा छान.

मुग्धा_के
फोटो!!

ठाणेकर_नितीन
आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल करता येते ना? शेजारच्या काकांचं एसीचं प्रकरण आहे, त्यांना जिने चढवत नाहीत.

अ‍ॅड_मंजिरी
येते. सुनावणीही व्हिडिओवर मागता येते, तसा अर्ज द्या. बिल, वॉरंटी कार्ड, पाठवलेली नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा आधी स्कॅन करून ठेव. काकांनी एसी कधी घेतला? आणि पहिली तक्रार कधी केली, ती तारीख बघून सांग.

ठाणेकर_नितीन
बिल त्यांच्या मुलाकडे आहे, आज विचारून लिहितो.