शब्दचर्चा : धातूचा ‘थकवा’ की ‘शिणवटा’?

प्रश्न : पोलादी भाग वारंवार येणाऱ्या भाराखाली कसे तुटतात, याच्या गणिती प्रतिमानांवर मराठीत लेख लिहिते आहे. ‘फटीग’ला ‘थकवा’ लिहिलंय, पण मन मानत नाही. आणि ‘स्ट्रेस’, ‘स्ट्रेन’ दोन्हींसाठी ‘ताण’च हाताशी येतो.

प्रतिसाद : ‘ताण’ एकालाही नको. ताण म्हणजे ओढ. दाबाखालच्या खांबातही स्ट्रेस असतो, तिथे ओढ कुठली? स्ट्रेस म्हणजे प्रतिबल (भाराखाली पदार्थाच्या आत दर क्षेत्रफळामागे निर्माण होणारं बल, मेगापास्कलमध्ये मोजतात), स्ट्रेन म्हणजे विकृती. पोलादाच्या १ मीटर गजात २०० मेगापास्कल प्रतिबल आलं, तर तो जेमतेम १ मिलिमीटर लांबतो. तो लांबीतला फरक भागिले मूळ लांबी, ही विकृती.

थकव्याबद्दलची तुमची शंका रास्त आहे. थकलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो, धातू होत नाही. १८४२ साली व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. पुढे जर्मन अभियंता व्होलर यांनी आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एकदा सहज पेलणारा भार लाखो वेळा आला तर तोच घात करतो. प्रतिमानांतला माइनरचा नियम (१९४५) तर निव्वळ बेरीज आहे : प्रत्येक आवर्तनाने (भार एकदा येऊन जाण्याने) भागाच्या आयुष्याचा किती हिस्सा खाल्ला ते मिळवत जायचं, बेरीज १ झाली की भाग संपला असं धरायचं. विश्रांतीसाठी वजाबाकी नाही. म्हणून मी ‘शिणवटा’ लिहितो.

दुसरा प्रतिसाद : पण शिणवटाही विश्रांतीने जातोच की!

प्रतिसाद : खरं आहे, माझा मुद्दा तिथे लंगडा पडतो. मग नामापेक्षा क्रियापद सांभाळू या. शिणवटा ‘येतो’ आणि ‘जातो’ असं न लिहिता ‘साचतो’ लिहावं. साचलेलं आपोआप उतरत नाही, हे वाचकाला न सांगता कळतं.

भेगांच्या शब्दांतही हेच. तडा ‘जातो’, एका क्षणात, काचेला जातो तसा. भेग सुकण्याने पडते. पण इथे जी असते ती चीर : बारीक, आणि दर आवर्तनाला थोडी थोडी पुढे ‘सरकणारी’. पॅरिस (शहर नव्हे, संशोधकाचं आडनाव) यांचा नियम या सरकण्याच्या वेगाचाच आहे. त्यातला घातांक पुष्कळ धातूंसाठी ३ च्या आसपास असतो. म्हणजे प्रतिबलाचा चढउतार दुप्पट झाला, तर तेवढ्याच लांबीची चीर सुमारे ८ पट वेगाने सरकते. ‘तडा’ लिहिलात तर हा सगळा काळ वाक्यातून गायब होतो. शेवटचं तुटणं मात्र ‘भंग’च.

प्रश्नकर्ती : आणि ‘यील्ड’?

प्रतिसाद : पोलाद ‘नमतं’. भार काढल्यावरही वाकलेलं राहतं.

प्रश्नकर्ती : मग वाक्य असं करते : ‘पोलाद नमण्याच्या कितीतरी आधी त्यात शिणवटा साचू लागतो, खाचेपाशी चीर पडते, ती सरकत जाते, आणि उरलेला अखंड भाग भार पेलेनासा झाला की भंग होतो.’

प्रतिसाद : यात ‘थकवा’ कुठेच लागला नाही बघा.